फ्रँचायझीवाल्याला शिकवायचं कुणी, आणि काय?

आरशासमोर (धागाकर्ती)
परवा इथेच एकाने लिहिलं, "सलूनची फ्रँचायझी बुडते ती मालकाला शिकायचं नसतं म्हणून. कंपनी ट्रेनिंग देते, हे लोक मोबाइल बघत बसतात." दोन दिवस गप्प बसले. आता लिहितेच.

सांगलीत चार वर्षं एका ब्रँडचं सलून चालवतेय. आठ दिवस मुंबईला ट्रेनिंग होतं. पहिल्या दिवशी संस्थापकांची फिल्म, दुसऱ्या दिवशी लोगो भिंतीवर किती उंचीवर हवा ते. केराटिनची बाटली किती डोक्यांना पुरते तेही शिकले. पण पगार, भाडं, रॉयल्टी (विक्रीतला कंपनीचा वाटा) जाऊन हातात काही उरायला दिवसाला किती बिलं व्हायला हवीत, हे एकाही स्लाइडवर नव्हतं. दुसऱ्या वर्षी माझी मुख्य स्टायलिस्ट सोडून गेली, मागच्याच गल्लीत स्वतःच्या दोन खुर्च्या टाकल्या. गिऱ्हाइकांचे नंबर तिच्याच मोबाइलमध्ये. एरिया मॅनेजरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, रील टाका."

माजी_एरियावाला
तो मी नव्हे, पण असू शकलो असतो. ताई, मी 19 सलून सांभाळली आहेत. ट्रेनिंगला मालक येतच नाही, मेहुण्याला पाठवतो. एक साहेब ऐन लग्नसराईत शनिवारी जत्रेला गेले, गल्ल्यावर भाचा. नवरीकडची मंडळी मेकअपला आली तर आयलायनरचं कपाट बंद, चावी साहेबांच्या खिशात. मी लोकांना तीनच आकडे रोज वहीत लिहा म्हणायचो: बिलं किती, त्यात परत आलेली गिऱ्हाइकं किती, दर खुर्चीमागे विक्री किती. उत्तर ठरलेलं, "ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेच की."

आरशासमोर
सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण आम्हाला दिसतो तो फक्त रॉयल्टीचा हिशेब. बाकी रिपोर्ट मागितला की "हेड ऑफिसला मेल करा".

आकडेमोड_काका
ट्रेनिंगचं राहू द्या, खरी मेख जीएसटीत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनचा दर 18 वरून 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करायची सोय, गेलं. 3 लाखांच्या विक्रीवर 8 टक्के रॉयल्टी म्हणजे 24,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,320. भाडं 45,000 असेल तर त्यावर 8,100. झाले 12,420. पूर्वी वळते व्हायचे, आता खिशातून. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं?

माजी_एरियावाला
काका, अर्धंच गणित मांडलंत. करासकट 3 लाख जमा होत असतील तर पूर्वी सरकारला 45,763 जायचे (क्रेडिट वजा करण्याआधी), आता 14,286. वाचले 31,477. त्यातून तुमचे 12,420 काढा, तरी फायदाच. सामानाचं क्रेडिट धरलंत तर थोडा कमी, इतकंच.

आकडेमोड_काका
रेट तेवढेच ठेवले तर! आमच्या अशिलाला कंपनीने दुसऱ्या दिवशी नवं रेटकार्ड पाठवलं. वाचलेला कर गिऱ्हाइकाला, बुडालेलं क्रेडिट मालकाला. रॉयल्टी मात्र जिथली तिथे.

माजी_एरियावाला
मग रेट कमी करायचे नव्हते? कर कमी झाल्यावर लोकांना फायदा द्यायलाच नको?

आकडेमोड_काका
द्या ना, तुमच्या 8 टक्क्यांतून द्या. एसीत बसून दुसऱ्याच्या गल्ल्यातलं दान सोपं असतं.

माजी_एरियावाला
एसी? उन्हाळ्यात एसटीने लातूर-नांदेड केलंय मी. शब्द जपून वापरा.

बाजूचं_दुकान
तुमचं जीएसटीपुराण चालू द्या. माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, नोंदणीच नाही. आजोबांपासूनचं दुकान. बाबांनी मला दोन वर्षं नुसते केस झाडायला लावले, मग कात्री हातात दिली. ज्या मालकाला फेड कट मारता येत नाही त्याला स्टाफ पहिल्या आठवड्यातच ओळखतो. आठ दिवसांत काय घंटा शिकणार?

आरशासमोर
दादा, तुम्ही कारागीर आहात, मान्य. मी बँकेतली नोकरी सोडून आले, मला कात्री धरायचीच नाही, धंदा चालवायचाय. आणि तो सुद्धा शिकवावा लागतो.

बाजूचं_दुकान
बँकेतल्या बाईंना हिशेब कंपनीने शिकवायचा? कमाल आहे.

आरशासमोर
कर्जाच्या फायली बघायचे मी, खुर्च्यांच्या नाही. पण बरोबर, टोचलं.

कलमवाला
मध्येच बोलतो. अमेरिकेत फ्रँचायझी विकताना सही घ्यायच्या किंवा पैसे घ्यायच्या किमान 14 दिवस आधी माहितीपत्र द्यावं लागतं. ट्रेनिंग काय, किती तास, शिकवणाऱ्याचा अनुभव किती, सगळं त्यात. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही, 1872 च्या करार कायद्यावर गाडा ओढतोय. ताई, तुमच्या करारात दुसऱ्या वर्षीच्या ट्रेनिंगबद्दल काय लिहिलंय?

आरशासमोर
आत्ता काढून बघितलं. "कंपनीला आवश्यक वाटल्यास." आणि प्रवासखर्च माझा.

माजी_एरियावाला
हे वाक्य आमच्याही करारात होतं. नऊ वर्षांत कंपनीला एकदाही आवश्यक वाटलं नाही, हे कबूल करतो. आम्हाला टार्गेट नवीन सलून उघडायचं, जुनं जगवायचं नाही. पण वहीचं माझं म्हणणं कायम आहे.

आकडेमोड_काका
आले साहेब लायनीवर. एसीचा शब्द मागे घेतो, एसटीपुरता.

आरशासमोर
वही आणली. तुमच्यामुळे नाही, मुलीची अर्धी कोरी पडली होती. आज नऊ बिलं, त्यात परत आलेल्या दोघी. हे चांगलं की वाईट, तेवढं सांगा आता.