मदत हवी आहे: जुन्या इंग्रजी प्रेमगीतांची प्रश्नमंजुषा, सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागला पुढच्या रविवारी जुन्या इंग्रजी प्रेमगीतांची प्रश्नमंजुषा आहे. 20 प्रश्न, 4 गट.

घोळ होतो तो "हे गाणं कुणाचं?" या प्रश्नात. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' म्हटलं की सगळे व्हिटनी ह्यूस्टन (1992) लिहिणार. पण ते लिहिलं आणि 1974 साली आधी आणलं डॉली पार्टननं. 'अनचेन्ड मेलडी' त्याहून अवघड: गाजलं रायचस ब्रदर्सचं 1965चं ध्वनिमुद्रण, गाणं मात्र 1955च्या 'अनचेन्ड' चित्रपटातलं. त्यामुळे लिहिलं कुणी, आधी गायलं कुणी की गाजवलं कुणी, हे प्रश्नातच हवं. नाहीतर गुणांवरून भांडणं ठरलेली.

उसन्या चालींची गाणी त्यामानाने बिनधोक. एल्विसचं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' (1961) फ्रेंच 'प्लेझीर दामूर'वरून, 'इट्स नाऊ ऑर नेव्हर' (1960) नेपल्सच्या 'ओ सोले मिओ'वरून. 1975च्या आधीची अशी आणखी 3-4 सुचवाल का? मूळ चाल आणि साल दोन्ही द्या.

आणखी एक. ऐकून ओळखायची फेरी 7 इंची तबकड्यांवर आहे. मिनिटाला 45 फेऱ्यांची तबकडी चुकून 33 वर लागली की सूर जवळजवळ पाच अर्धस्वर उतरतो, मग कोण ओळखणार! काही तबकड्यांचं भोक मोठं आहे, त्यात प्लॅस्टिकची चकती बसवावी लागते. ती नेमकी मध्यावर नसली तर सूर हेलकावतो. मिरजेत सतार-तंबोरे मिळतात, ही चकती मिळेल का? 2 पुरे.