एचआरटी सुरू केल्यापासून वजन वाढतंय, गोळ्या बंद करू का?

रातराणी
मदत हवी आहे, जरा लवकर उत्तरं द्या प्लीज. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी हॉर्मोनच्या गोळ्या (एचआरटी) सुरू झाल्यापासून माझं वजन वाढतच चाललंय. पाच-सहा किलो तरी नक्की. खाण्यात काहीही बदल केलेला नाही. सगळं पोटावर आणि कमरेवर आलंय, हातपाय आहेत तसेच. गोळ्यांनी रात्री अंगातून निघणाऱ्या गरम वाफा थांबल्या, सलग झोप लागायला लागली, ते सुख सोडवत नाही. पण वजन असंच चढत राहिलं तर काय करायचं? डॉक्टर म्हणाल्या, "या वयात होतंच." विषय संपला. पुढचं पाकीट आणायच्या आधी मला ठरवायचंय. ज्यांनी गोळ्या बंद केल्या त्यांचं वजन उतरलं का?

चौकस
कोणत्या गोळ्या ते लिहिलंच नाही. नुसतं इस्ट्रोजेन की सोबत प्रोजेस्टेरॉनही? गर्भाशय आहे की काढलंय? वय किती, शेवटची पाळी कधी येऊन गेली? आणि गोळ्यांच्या आधी वजन स्थिर होतं की तेव्हाही वाढत होतं? हे कळल्याशिवाय बंद करा किंवा करू नका, काहीच सांगता येणार नाही.

निरामय
ताबडतोब बंद करा. रजोनिवृत्ती हा आजार नाही, निसर्गक्रम आहे. शरीराने जे बनवणं थांबवलं ते बाहेरून कशाला भरायचं? माझ्या थोरल्या बहिणीने घेतल्या होत्या, नुसती फुगली. मी सोयातून मिळणाऱ्या आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल घेते. माझ्या वाफा निम्म्यावर आल्या आणि वजन जागच्या जागी आहे. शिवाय कॅन्सरची टांगती तलवार नको.

पायवाट
वजन कमी करायचं असेल तर वजन उचला. चाळिशीनंतर स्नायू घटत जातात, पाळी जायच्या काळात तर जास्तच, आणि त्यांची जागा चरबी घेते. काटा तेच दाखवतो पण पँट बसत नाही, याचं कारण हेच. मी आधी रोज चालायचे, पोट तसूभर हललं नाही. डंबेल्स, स्क्वॉट्स सुरू केल्यावर कंबर उतरली, किलो मात्र फारसे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. त्यातला दुसरा भाग आपण बायका सोडून देतो. प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम तरी हवीत.

रातराणी
मी रोज चालते. व्यायामाबद्दल विचारलेलं नाही, गोळ्यांबद्दल विचारलंय.
चौकस, वय ४९. पाळी थांबून वर्ष उलटून गेलं. गर्भाशय आहे. सकाळी इस्ट्रोजेनची गोळी, रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. वजन आधीही थोडं वाढत होतं, दोनेक किलो असेल, पण हे वेगळं आहे. अंग जड वाटतं, सकाळी उठवत नाही.
निरामयताई, कॅन्सरचं वाचून पोटात गोळा आला. खरंच एवढं आहे का?

चौकस
कॅन्सरची भीती कुठून आली ते सांगतो. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाची मोठी अमेरिकन चाचणी होती. तिचा इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिनचा (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हॉर्मोन) भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्यात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या, सरासरी वय ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. स्तनाच्या कॅन्सरची जादा प्रकरणं वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ८. औषधही जुनं, घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टिन. गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. उलट पुढच्या वर्षांत तो कमीच दिसला. रातराणी ४९ च्या आहेत, पाळी जाऊन वर्षच झालंय. त्यांना ६३ वर्षांच्या बाईचा आकडा दाखवून घाबरवणं बरोबर नाही.

निरामय
८ म्हणजे शून्य नव्हे. त्या आठांमध्ये आपल्या घरातली एखादी असली की आकडेवारी सुचत नाही. माझ्या घरात झालंय म्हणून बोलतेय.

चौकस
शून्य नाहीच, आणि मी तसं म्हटलेलं नाही. जितकी जास्त वर्षं घ्याल तितका धोका वाढतो, हेही खरं. ज्यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताच्या गुठळ्या झाल्यात, पक्षाघात झालाय, यकृताचा आजार चालू आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतोय, त्यांना या गोळ्या सहसा देत नाहीत. घरात कोणाला झाला असेल तर डॉक्टरांशी नीट बोलून ठरवायचं. पण हा धागा वजनाचा आहे. त्याबद्दल कोक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा स्पष्ट आहे: एचआरटी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांच्या वजनवाढीत फरक सापडला नाही. वजन दोन्हीकडे वाढतं.

रातराणी
दोन्हीकडे वाढतं तर माझं गोळ्यांनंतरच एवढं का वाढलं?

ओंजळ
रातराणी, माझंही सुरुवातीला असंच झालं होतं. पोट फुगायचं, छाती दुखायची, बोटातली अंगठी घट्ट व्हायची. ते पाणी होतं, चरबी नव्हती. बहुतेकींचं पहिल्या दोन-तीन महिन्यांत बसतं. माझं बसलं नाही, मग डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलला आणि फरक पडला. एकदम बंद मात्र करू नकोस, वाफा दामदुपटीने परत येऊ शकतात. आणि गर्भाशय आहे तोवर रात्रीची कॅप्सूल स्वतःच्या मनाने कधीच सोडू नकोस. नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, त्यातून तिथला कॅन्सर होऊ शकतो. फुगतं म्हणून तेवढीच सोडणाऱ्या बायका मला माहीत आहेत, म्हणून लिहिलं.

अर्धविराम
१६ तास उपाशी, ८ तासांत खाणं. बाकी सगळं विसरा. इन्सुलिन खाली आलं की पोट आपोआप जातं. मी केलंय.

पायवाट
आणि स्नायू? खाण्याचे तास कमी केले की प्रथिनंही कमी जातात. या वयात उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातो, मग पुन्हा खायला लागलं की चरबी म्हणून परत येतो. उपासाने उतरलेल्या किती जणी वर्षभर तशाच राहतात ते सांगा.

अर्धविराम
मी राहिलोय. तुम्ही करून न बघताच बोलताय.

पायवाट
तुम्ही पुरुष आहात. तुमची पाळी जात नाही.

झुळूक
हॉर्मोन नको असतील तर वाफांवर फेझोलिनेटंट नावाची गोळी आहे. अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करते, इस्ट्रोजेन अजिबात नाही. फक्त यकृताच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात. निरामयताई, तुमच्या घरच्या इतिहासात विचारायला हरकत नाही.

रातराणी
माझ्या वाफा थांबल्यात! प्रश्न वजनाचा आहे. कोणीतरी नीट वाचा ना.

मात्रा
मी फार्मासिस्ट आहे. रातराणी, हॉर्मोनशिवाय दुसरं काय काय घेता? रक्तदाब, साखर, झोप, नैराश्य, थायरॉईड, जीवनसत्त्वं, सगळं लिहा. वेळांसकट.

रातराणी
थायरॉईडची गोळी आहे, पण ती कित्येक वर्षांची, डोस तोच, सगळं नॉर्मल. तिचा इथे काय संबंध? बाकी फक्त कॅल्शियम आणि डी. ते या हॉर्मोनबरोबरच सुरू केलं हाडांसाठी. सकाळी उठल्यावर सगळं एकदमच घेते म्हणजे विसरायला होत नाही.

मात्रा
संबंध इथेच आहे.
एक: इस्ट्रोजेन पोटातून घेतलं की आधी यकृतात जातं. तिथे ते थायरॉईडचं हॉर्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढवतं. वाहक वाढले की जास्त हॉर्मोन त्यांना चिकटून राहतं आणि पेशींना मोकळं मिळतं ते कमी पडतं. ज्यांची ग्रंथी धडधाकट आहे त्यांचं शरीर जादा बनवून भागवतं. तुमची ग्रंथी ते करू शकत नाही, तुम्हाला मिळतं तेवढंच गोळीतून. म्हणून वर्षानुवर्षं बरोबर बसलेला डोस अचानक अपुरा पडू शकतो.
दोन: कॅल्शियम त्या गोळीला आतड्यात धरून ठेवतं, ती नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीचंही तेच.
म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी डोस कमी झाल्यासारखं झालं असण्याची शक्यता आहे. अंग जड, सकाळी उठवत नाही, वजन वाढतंय. गोळ्या सुरू झाल्यानंतर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) केली का?

रातराणी
नाही. मला कोणी सांगितलंच नाही. शेवटची टीएसएच गोळ्यांच्या आधीची आहे. आता राग येतोय खरंच. इतके महिने मी स्वतःच्या खाण्यावर संशय घेतेय, जेवताना घास मोजतेय.

ओंजळ
राग साहजिक आहे. आधी तपासणी करून घे. पोट आणि मन दोन्ही शांत ठेव तोवर.

निरामय
थायरॉईडला तर आयसोफ्लेव्होनही चालत नाहीत असं नाही ना? मी बहिणीला देणार होते, तिलाही थायरॉईड आहे.

मात्रा
सोयातले पदार्थ आणि कॅप्सूलही थायरॉईडच्या गोळीचं शोषण कमी करू शकतात. बहिणीने घ्यायचंच ठरवलं तर अंतर ठेवून घ्यावं आणि टीएसएच तपासत राहावी.

अबोली
अवांतर आहे, क्षमस्व. याच वयात माझे केस भयंकर गळतायत, बायोटिन (बी गटातलं जीवनसत्त्व) सुरू केलंय, कोणाला गुण आला का? रातराणी, तुमचेही गळत असतील तर घेऊन बघा.

मात्रा
अवांतर नाही, बरं झालं विचारलंत. जास्त मात्रेचं बायोटिन काही तपासण्यांत गडबड करतं. टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवली जाऊ शकते, म्हणजे रातराणींसारख्या बाईचा बिघाड झाकला जाईल. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत घेत असल्याचं सांगा.

उंबरठा
पत्नीसाठी विचारतोय. वय ४७, पाळी अनियमित, वजन वाढतंय, चिडचिड. एफएसएच (पाळी जाताना वाढणाऱ्या हॉर्मोनची रक्ततपासणी) करायला सांगितलीय. आकडा आला की नक्की कळेल ना मेनोपॉज आहे का?

चौकस
वय ४५ च्या वर असेल आणि लक्षणं अशी स्पष्ट असतील तर सहसा त्या तपासणीची गरज नसते. या काळात एफएसएच आज वर तर पुढच्या महिन्यात खाली असते, एका आकड्यावर काही ठरत नाही. सलग १२ महिने पाळी नाही, मगच मेनोपॉज म्हणायचं. आणि गर्भनिरोधन एवढ्यात सोडू नका, अनियमित पाळीतही गर्भ राहतो. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

रातराणी
रिपोर्ट आला. टीएसएच ९ च्या पुढे. आधी कायम २ च्या आसपास असायची. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं आणि इस्ट्रोजेनची गोळी बदलून पॅच दिला. थायरॉईडचा डोस आत्ता तोच, सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच. मात्रा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आता हे सगळे किलो उतरतील ना?

मात्रा
पॅचमधलं इस्ट्रोजेन कातडीतून थेट रक्तात जातं, यकृतातला तो पहिला फेरा चुकतो, म्हणून वाहक प्रथिन फारसं वाढत नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही गोळीपेक्षा कमी. डॉक्टरांनी डोस लगेच न वाढवता आधी कारणं दूर केली हे मला योग्य वाटतं, नाहीतर पुढे थायरॉईड जास्त होऊन धडधड सुरू झाली असती.
किलोंबद्दल मात्र खरं सांगतो. थायरॉईड कमी पडल्याने वाढतं ते साधारण दोन ते चार किलो, आणि त्यात बरंचसं मीठ-पाणी. तेवढं उतरायला हरकत नाही. तुमचे गोळ्यांच्या आधीचे दोन किलो त्यातले नाहीत.

चौकस
त्या आधीच्या दोन किलोंसाठी अमेरिकेतलाच 'स्वान' अभ्यास बघा. हजारो स्त्रियांना पाळी जायच्या आधीपासून वर्षानुवर्षं तपासलं. वजन वयाबरोबर संथ वाढत राहतं, पण चरबी वाढायचा वेग पाळी जाण्याच्या संक्रमणात दुप्पट होतो, स्नायू घटायला लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांनी हे थांबतं. मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. इस्ट्रोजेन घटल्याचा परिणाम आहे हा.

पायवाट
हेच मी पहिल्या प्रतिसादात लिहिलं होतं. रातराणी, चालणं सोडू नका, पण आठवड्यातून दोन दिवस काहीतरी जड उचला. टीएसएच खाली येऊन अंगात जरा ताकद आली की सुरू करा, आत्ता लगेच नको. आणि काट्याऐवजी टेपने मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी, एवढं धरून चला.

रातराणी
हो, हे आता पटतंय. पाकीट बंद करणार नाही एवढं ठरलं. अजून एक विचारते, पॅच नक्की कुठे लावायचा? कागदावर फार बारीक छापलंय. पहिला दंडावर लावला तर कडा सुटतायत.

ओंजळ
कमरेच्या खाली, ओटीपोटावर किंवा नितंबावर. छातीवर किंवा छातीच्या जवळ कधीच नाही. कातडी कोरडी हवी, तेल-क्रीम लावलेलं नको, आणि लावल्यावर तळव्याने दहा सेकंद दाबून धर. पँटचा पट्टा घासतो ती जागा टाळ. दर वेळी जागा बदल, नाहीतर खाज सुटते. आठवड्यातून एकदा बदलायचा की दोनदा ते तुझ्या पाकिटावर बघ, दोन्ही प्रकारचे येतात.