शाळेच्या लॅपटॉपमध्ये इमेज टाकायला डीव्हीडी ड्राइव्ह अजून हवा का?

फैजपूरकर
माझं मत आधीच सांगून टाकतो: हवा. (इमेज म्हणजे तयार लॅपटॉपच्या डिस्कची फाइलमध्ये घेतलेली हुबेहूब प्रत.) धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याच्या वरचे पाडे, अशा ठिकाणच्या शाळांत १५-२० जुने लॅपटॉप असतात, नेट धड नसतं, आणि वर्षातून दोनदा सगळी मशीनं पुन्हा मूळ स्थितीत आणावी लागतात. तिथे यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि फायनलाइझ केलेली, म्हणजे पुढचं लिहिणं कायमचं बंद केलेली डिस्क यांच्याइतकं भरवशाचं काही नाही. एकदा बंद केलेल्या डिस्कवर कुणालाच काही लिहिता येत नाही. पेन ड्राइव्ह मात्र झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथून शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो, किंवा कुणीतरी "रिकामाच तर आहे" म्हणून फॉरमॅट करतं.

पद्धत अशी. एक लॅपटॉप नीट तयार करा, लिनक्स आणि लिब्रेऑफिस टाका, कचरा साफ करा. क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या फुकट प्रोग्रॅमने इमेज घ्या. ते फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं आणि दाबून ठेवतं. मग त्याच इमेजची रिकव्हरी आयएसओ, म्हणजे डीव्हीडीवर राइट करायची एकच फाइल, बनवा. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असलं तरी संगणकाच्या मोजणीत ती ४.३७ जीबी भरते, आणि त्यात क्लोनझिलाचं स्वतःचं ओझंही बसवायचं असतं. म्हणून इमेज ३.५ जीबीच्या आत ठेवा. डीव्हीडी-आर घ्या, ४एक्स वेगाने राइट करा, व्हेरिफाय केल्याशिवाय ड्राइव्हमधून काढू नका.

धुळे, साक्री रोड
फैजपूरकर, साडेतीन जीबीत बसणाऱ्या इमेजचं गणित मान्य. पण किती शाळांची इमेज एवढ्यात बसते? विंडोज आणि मराठी टायपिंगचे प्रोग्रॅम धरले की २० जीबी सहज होते. त्याला पाच डीव्हीडी लागतात. स्लिम ड्राइव्हवर ८एक्स लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ११ एमबी, पण तो वेग फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. आतल्या कड्यांवर त्याच्या निम्माही नसतो. सरासरी ८ एमबी धरली तरी एक भरलेली डिस्क वाचायला दहा मिनिटं. पाच डिस्कची पन्नास, गुणिले २० लॅपटॉप: जवळपास १७ तास. सेकंदाला १०० एमबी वाचणारा यूएसबी ३.० पेन ड्राइव्ह एका लॅपटॉपचे ते २० जीबी साडेतीन मिनिटांत वाचतो. त्यापुढे वेळ जातो तो लॅपटॉपच्या डिस्कवर लिहिण्यात.

शिवाय पाचपैकी चौथ्या डिस्कवर ओरखडा निघाला की आधीच्या तिन्ही वाया. अर्धवट टाकलेली इमेज बूट होत नाही.

भुसावळ जंक्शन
करंटचं कुणी बोललं नाही भो. यूएसबी २.० पोर्टला नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, ३.० ला ९००. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी हे ड्राइव्ह अँपिअरच्या आसपास ओढतात. जुन्या लॅपटॉपवर मग ड्राइव्ह टकटक करतो, दिसतो, गायब होतो. लोक डिस्कला दोष देतात आणि नवी राइट करत बसतात. दोन तोंडांची वाय-केबल लावा किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. मोबाइल चार्जरची लांबलचक केबल वापरू नका, तिच्यातच व्होल्टेज पडतं.

विंडोज ७ ची डीव्हीडी असेल तर आणखी एक खोड. ड्राइव्ह निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० पोर्टला लावला तर बूट होतं, आणि पुढे सेटअप म्हणतं सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही. बूट बायोसने (लॅपटॉपच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने) केलेलं असतं, पण विंडोज ७ जवळ यूएसबी ३.० चा ड्रायव्हरच नसतो. काळ्या पोर्टला लावा.

उन्हाचंही बघा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डिस्क वाकते, आणि राइट केलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णता दोन्हींनी खराब होतो. त्यामुळे "डीव्हीडी कायमची" हे आपल्याकडे खरं नाही. दोन प्रती काढा, एक कपाटात अंधारात ठेवा.

गोलाणी मार्केट, जळगाव
दोघेही एकाच माध्यमाला धरून बसलात. बूट डीव्हीडीवरून करा, इमेज यूएसबी हार्ड डिस्कवरून घ्या. क्लोनझिला "टू रॅम" पर्यायाने चालू केलं की ते पूर्ण मेमरीत जातं. मग ड्राइव्ह काढून त्याच पोर्टला हार्ड डिस्क लावता येते. एकच पोर्ट चालू असलेल्या लॅपटॉपवर हाच मार्ग. हार्ड डिस्क एनटीएफएस प्रकारे फॉरमॅट करून ठेवा, कारण फॅट३२ या जुन्या प्रकारावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आणि माध्यम कुठलंही असो, या गोष्टी अडवतातच. जुन्या बायोस पद्धतीने घेतलेली एमबीआर (डिस्कची जुनी मांडणी) इमेज, बायोसऐवजी फक्त नवी यूईएफआय पद्धत असलेल्या लॅपटॉपवर बूट होत नाही. लहान डिस्कवर मोठ्या डिस्कची इमेज क्लोनझिला सरळ टाकत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (इंटेलची एसएसडी सांभाळणारी सोय) चालू असलं तर विंडोजच्या रेस्क्यू डिस्कला एसएसडी दिसतच नाही. त्यासाठी इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर लोड करावा लागतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण) चालू असताना घेतलेली इमेज दुसऱ्या मशीनवर टाकली तर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती शाळेत कुणाकडे असणार?

शहादेकर
लिहिता न येणारं माध्यमच हवं असेल तर लॉक बटण असलेला पेन ड्राइव्ह मिळतो. एसडी कार्डच्या लॉकवर मात्र विसंबू नका. ती पट्टी कार्ड रीडरने पाळायची असते, कार्ड स्वतः काही रोखत नाही. आणि स्वस्तातल्या ६४ जीबी पेन ड्राइव्हची क्षमता एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासल्याशिवाय त्यावर इमेज ठेवणं चूकच. खोटी क्षमता असली तर कॉपी होताना तक्रार येत नाही, रिस्टोर करताना येते.

फैजपूरकर
धुळेकर, २० जीबीला डीव्हीडी नको, हे मान्य. शहादेकर, लॉकचा पेन ड्राइव्ह चांगला, पण बटण सरकवायला क्षण लागतो. गोलाणीवाल्यांच्या मार्गाला माझी हरकत वेगळी आहे. लिनक्समध्ये ड्राइव्ह एसआर० म्हणून दिसतो. रिस्टोर कुठे करायचं या यादीत तो येतच नाही. यूएसबी हार्ड डिस्क मात्र एसडीए, एसडीबी अशीच दिसते. क्लोनझिला दोनदा विचारतं, पण घाईत दोन्ही वेळा वाय (हो) दाबलं जातं आणि भलतीच डिस्क पुसली जाते. शिक्षकाच्या हाती एकट्याने चालवायचा संच द्यायचा असेल तर मी ती जोखीम घेणार नाही.

गोलाणी मार्केट, जळगाव
हा मुद्दा खरा आहे, डिस्कच्या नावाऐवजी क्षमता आणि मॉडेल बघून निवडायला शिकवावं लागतं. पण तुमच्या रिकव्हरी डिस्कमध्येही एसडीए पक्कं लिहिलेलं असेल, तर एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीच्या लॅपटॉपवर ती अडते, तिथे नाव एनव्हीएमई०एन१ असतं. शाळेत दोन्ही प्रकारचे लॅपटॉप असतात.

फैजपूरकर
म्हणून दोन डिस्क, दोन्हींवर ठळक अक्षरांत लॅपटॉपचं मॉडेल. सीडीच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. कागदी लेबल चिकटवू नका, वेगात फिरताना डिस्क डगमगते आणि वाचन तिथेच अडकतं.