मदत हवी आहे: मुलीची पापणी सुजलीय, रात्रभर नेमकं काय बघू?

लेक ४ वर्षांची. आठवडाभर सर्दी, नाक चोंदलेलं. काल उजवी पापणी जरा जड दिसली, मला वाटलं रांजणवाडी येतेय. आज सकाळी डोळा जवळजवळ मिटलेला, पापणी लालबुंद, ताप १०१.

डॉक्टरांनी पापणी बोटांनी अलगद उघडून बघितली, टॉर्च मारली, पेन फिरवून 'बघ कुठे चाललंय' करून घेतलं. म्हणाले, संसर्ग सध्या पापणीपुरताच वाटतोय. पोटातून घ्यायचं अँटिबायोटिक दिलंय, लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारलीय. उद्या परत बोलावलंय, 'काही वेगळं वाटलं तर लगेच या' म्हणाले. वेगळं म्हणजे काय, हे तिथे विचारायचं सुचलंच नाही! सूज वाढली की धोका, असं समजू का?

प्रतिसाद १:
नेत्रतज्ज्ञ आहे. लाली रेघेबाहेर गेली तर कळवायचंच, पण सुजेपेक्षा डोळा कसा चालतोय ते बघा. पापणीपासून खोबणीच्या हाडापर्यंत एक पातळ पडदा असतो. संसर्ग त्याच्या पुढे असेल तर बहुतेकदा गोळ्या-सिरपवर भागतं. मागे गेला तर दृष्टीला धोका. मुलांमध्ये हा मागचा संसर्ग बहुधा सायनसमधून, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधून येतो, कारण नाक आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ. म्हणून तुमची ती आठवडाभराची सर्दी मला महत्त्वाची वाटते.

डोळा फिरवताना दुखणं, एखाद्या बाजूला न वळणं, पुढे आल्यासारखा दिसणं, दोन-दोन किंवा अंधूक दिसणं, यातलं एक जरी असेल तर सकाळची वाट बघू नका. पापणी उघडून डोळा दिसतच नसेल तरीही. मूल गुंगीत असेल, उलट्या होत असतील, तर अजिबातच नको. लाल रंगाचं काहीतरी एकेका डोळ्याने दाखवा, सुजलेल्या डोळ्याला फिकं दिसतं का विचारा.

धागाकर्ती:
लाल क्रेयॉन दाखवला, दोन्हीकडे सारखाच म्हणते. पण वर बघ म्हटलं की 'आई दुखतंय' करून मान वर करते, डोळा नाही. पापणी ताणली जाते म्हणून असेल का?

प्रतिसाद २ (नेत्रतज्ज्ञ):
असेलही. पण ते इथे ठरणार नाही, तपासूनच कळेल. आत्ता निघा, बालरोग आणि नेत्र दोन्ही विभाग असतील अशा हॉस्पिटलात. सीटी स्कॅन करतील, गरज पडली तर शिरेतून अँटिबायोटिक. भूल द्यावी लागू शकते, तेव्हा वाटेत काही खायला देऊ नका. औषधाची बाटली सोबत घ्या.

धागाकर्ती:
निघालो.