विहीणबाईंनी विचारलं, वीकेंडला काय करता?

दांडिया बाजारची मावशी, बडोदे
माझं वय 61. सूनबाई लीड्सची, त्यामुळे दर रविवारी विहीणबाईंशी व्हिडिओ कॉल असतो. परवा त्यांनी विचारलं, "व्हॉट डू यू गेट अप टू ॲट द वीकेंड?" मुलाने हळूच अर्थ सांगितला, तेव्हा मी शाळेत पाठ केलेलं "माय हॉबी इज रीडिंग" म्हटलं. त्या "ओ, लव्हली" म्हणाल्या आणि बोलणं तिथंच संपलं. फार चुटपुट लागली. सांगण्यासारखं पुष्कळ आहे हो! दर गुरुवारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाते. चार वर्षं पेटी शिकतेय. गुडघे धरायच्या आधी नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा खेळायची. उत्तरायणाला अगाशीवर पतंगाची फिरकी धरायला अजून मीच लागते. हे गप्पांसारखं कसं सांगायचं?

निवृत्त इंग्रजी शिक्षिका, इंदूर
ताई, वाक्य चुकलं नव्हतं, पण त्यात विहीणबाईंना धरायला काही नव्हतं. बोलताना 'माय हॉबी इज' फारसं कुणी म्हणत नाही. सरळ काय करतो ते सांगतात. "आय गो टू द लायब्ररी एव्हरी थर्सडे." लगेच पुढचं: सयाजीराव महाराजांनी 1910 साली सुरू केली, आत काचेची जमीन आहे. मग बघा, त्या विचारतातच.

गरब्याला मात्र जपा. आपण गरबा 'खेळतो', म्हणून तोंडात 'प्ले' येतं. इंग्रजीत प्ले म्हणजे क्रिकेट, पत्ते, नाहीतर पेटी. गरब्याला डान्स. आता होत नाही, म्हणून "आय यूझ्ड टू डान्स गरबा ऑल नाइन नाइट्स." या 'यूझ्ड टू'मध्ये आपलं 'खेळायची' पुरतं येतं. मला तो फार आवडतो.

आणि 'एन्जॉय'नंतर 'टू' नको. "आय एन्जॉय रीडिंग", बस.

अलकापुरीचा भाचा
मावशी, शेवटी "हाउ अबाउट यू?" विसरू नका. मी दोन वर्षं तिकडे शिकलो. आपण सांगून गप्प बसलो की त्यांना वाटतं, हिला बोलायचं नाही.

दांडिया बाजारची मावशी
वहीत लिहिलंय. हे बरोबर का: "आय ॲम लर्निंग हार्मोनियम सिन्स फोर इयर्स"?

निवृत्त इंग्रजी शिक्षिका, इंदूर
"आय हॅव बीन लर्निंग द हार्मोनियम फॉर फोर इयर्स." किती काळ ते सांगताना 'फॉर', कधीपासून ते सांगताना 'सिन्स'. वर्गात हे दरवर्षी नव्याने शिकवावं लागायचं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

दांडिया बाजारची मावशी
कालचा कॉल पन्नास मिनिटं चालला! काचेच्या जमिनीवर त्यांनी तीन प्रश्न विचारले. मग मी "हाउ अबाउट यू?" म्हटलं, तर कळलं की त्यांनी नगरपालिकेकडून जमिनीचा तुकडा भाड्याने घेतलाय. 'अलॉटमेंट' म्हणतात त्याला. तिथे बटाटे आणि वाल लावतात, शनिवारचा दिवस त्यातच जातो. मीही गच्चीत वाल लावते! पुढच्या रविवारी वालाच्या बिरड्याची कृती सांगायचीय. 'मोड आणणे'ला काय म्हणतात?

निवृत्त इंग्रजी शिक्षिका, इंदूर
स्प्राउट. "आय सोक देम ओव्हरनाइट अँड लेट देम स्प्राउट."