मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये पहिली एअरसॉफ्ट बंदूक कोणती घ्यावी? (खेळ + सराव)

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. एअरसॉफ्टचे (प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांचा खेळ) भाड्याच्या बंदुकीवर दोन खेळ झाले, आता स्वतःची घ्यायची आहे. परिस्थिती अशी:

- सगळं मिळून बजेट ४०० पौंड.
- मैदान अर्धं जंगलातलं, अर्धं बंद इमारतीतलं. मर्यादा ३५० एफपीएस (छर्‍याचा वेग, फूट प्रति सेकंद), इमारतीत फक्त सेमी (चापाच्या एका दाबाला एकच छर्रा).
- हाताळणी जमेल तितकी खऱ्यासारखी हवी: मॅगझिन बदलणं, सेफ्टी, खांद्यावर घेणं. घरी गॅरेजमध्येही सराव करायचा आहे.
- मुलगा १६ वर्षांचा आहे, त्यालाही यायचं आहे.

दुकानदार म्हणतो दोन रंगांची (बराच भाग भडक रंगाचा, म्हणजे खरी न वाटणारी) आज घेऊन जा, काळी हवी असेल तर युकारा नंबर लागेल. एक मित्र गॅस ब्लोबॅक रायफलच (गॅसवर चालणारी, दर बारला बोल्ट म्हणजे सरकता भाग मागेपुढे होणारी) घे म्हणतो. शिवाय ४०० एफपीएसची घेतली तर लांब जाते असं वाचलं. काय करावं?

पाचर

आधी कायदा, कारण त्यावरच रंग ठरतो.

२००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टनुसार हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं, आयात करणं, बनवणं हा गुन्हा आहे. एअरसॉफ्ट खेळाडूंना त्यातून सूट आहे आणि ती सूट २००७ च्या नियमांत आहे. पण त्या नियमांची शब्दयोजना नीट वाचा: लष्करी किंवा पोलिसी प्रसंग करमणुकीसाठी उभे करणं, तेही तृतीय पक्ष विमा असलेल्या आयोजनात. ‘घरी सराव करायचा आहे’ हे काळी बंदूक घेण्याचं कारण होऊ शकत नाही. मैदानावर खेळता म्हणून घ्यायची. मग घरात पडदे लावून तुम्ही तिचं मॅगझिन शंभर वेळा बदललंत तरी कुणाची हरकत नाही.

युकारा म्हणजे परवाना नव्हे. व्यापाऱ्यांची ती एक सामायिक यादी आहे. गिऱ्हाईक खरोखर खेळतो का, हे दुकानदार तीत बघतात. नोंदणीकृत मैदानावर किमान ५६ दिवसांच्या कालावधीत तीन खेळ झाले की मैदानवाले नाव घालतात, आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तुमचे दोन झालेच आहेत. महिना-दीड महिना कळ काढा.

दोन रंगांची घेऊन घरी काळा रंग मारायचा विचार असेल तर थांबा. नकलीचं हुबेहूब नकलीत रूपांतर करणं हाही त्याच कलमाखालचा गुन्हा आहे. सूट लागू झाल्यावर रंगवा, आधी नाही.

मुलगा: १८ वर्षांखालच्या व्यक्तीनं नकली बंदूक विकत घेणं आणि तिला ती विकणं, दोन्ही बेकायदा. तुम्ही घेऊन त्याला वापरायला द्यायला आडकाठी नाही. त्याच्यासाठी दोन रंगांचीच बरी.

शून्य_दशांश_दोन

एफपीएसचा घोळ आधी डोक्यातून काढा. वेगाचा आकडा छर्‍याच्या वजनाशिवाय निरर्थक असतो. मोजायची ती ऊर्जा, ज्यूलमध्ये. २०१७ पासून कायद्यातली सीमा अशी: चाप एकदा दाबून एकापेक्षा जास्त छर्रे सुटू शकत असतील तर १.३ ज्यूल, नाहीतर २.५ ज्यूल. त्याच्या वर गेलात की ‘एअरसॉफ्ट’ ही सूटच उरत नाही.

तुमच्या मैदानाचे ३५० हे ०.२० ग्रॅमवर मोजलेले असणार. म्हणजे १.१४ ज्यूल. तीच ऊर्जा ०.२५ वर ३१३ एफपीएस आणि ०.२८ वर २९६ एफपीएस दाखवते. ०.२० वर ४०० म्हणजे जवळजवळ १.४९ ज्यूल. ऑटो (सलग मारा) असलेली अशी बंदूक मैदानाच्या तर सोडाच, कायद्याच्याही बाहेर जाते.

आणि लांबी वेगानं येत नाही, हॉप-अपनं येते. छर्रा नळीत शिरताना रबर त्याला वरून घासतं, उलटी फिरकी देतं, त्या फिरकीनं तो हवेत तरंगतो. चांगलं रबर आणि ०.२८ चे छर्रे असतील तर १.१ ज्यूलवर ४५–५० मीटरपर्यंत माणसाला नेम धरून लागतो. जपानी बंदुका ०.९८ ज्यूलच्या त्यांच्या मर्यादेत बसवलेल्या असतात, तरी टोकियो मारुईची बंदूक इथल्या कित्येक ‘गरम’ (जास्त ऊर्जेच्या) बंदुकांना मागे टाकते, ती याच कारणानं.

गिअरबॉक्स_उघडा

४०० पौंडांत, या हवेत, पहिली बंदूक विजेवरचीच घ्या. एम-४ (अमेरिकी लष्करी रायफल) पद्धतीची, व्हर्जन २ गिअरबॉक्सची (आतल्या यंत्रणेचा एक प्रचलित साचा). स्पेक्ना आर्म्सची कोअर मालिका किंवा जी अँड जीची सीएम-१६. दोन्हीचं शरीर प्लास्टिकचं असतं, त्याला नाकं मुरडू नका. दिवसभर हातात तेच सुखाचं. व्हर्जन २ चा सुटा भाग कुठल्याही दुकानात मिळतो, हा खरा फायदा. स्पेक्नात स्प्रिंग मागून बदलता येते, गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) जास्त भरली तर एम-११० स्प्रिंग काढून तिच्याहून नरम एम-१०० घालणं पाच मिनिटांचं काम.

खर्चाचा अंदाज, पौंडांत:

बंदूक २००, बॅटऱ्या दोन आणि बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) ५५, डोळे-तोंडाचं संरक्षण ६०, पाच मिड-कॅप (मध्यम क्षमतेची) मॅगझिन ४५, ०.२८ चे एक किलो बायो (जैवविघटनशील) छर्रे १५ (साधारण साडेतीन हजार). उरलेले बंद पिशवी आणि खेळाच्या फीला.

मॅगझिन मिड-कॅपच. हाय-कॅपमध्ये तीनशे छर्रे मावतात, पण चाकी फिरवत बसावं लागतं आणि चालताना खुळखुळ्यासारखं वाजतं. तुम्हाला बदलण्याचा सराव हवाय ना? मग मिड-कॅपमध्येही तीसच भरा.

टेकडीवरचा

इथे मतभेद नोंदवतो. प्रश्नात ‘हाताळणी खऱ्यासारखी’ असं स्पष्ट लिहिलंय. विजेच्या बंदुकीत रिकामी झाल्यावर बोल्ट अडकत नाही, चाप नुसता गुरगुरत राहतो. गॅस ब्लोबॅकमध्ये बोल्ट मागे थांबतो, मॅगझिन जड असतं, बोल्ट कॅच (तो सोडायची कळ) दाबावा लागतो. गोळ्या संपल्या हे हाताला कळणं हाच सरावाचा निम्मा भाग आहे.

गिअरबॉक्स_उघडा

@टेकडीवरचा, म्हणणं बरोबर, पण ऑक्टोबर ते एप्रिल काय करणार? द्रव गॅसचं बाष्प होताना मॅगझिन थंड होतं, दाब पडतो. दहा अंशांच्या खाली ग्रीन गॅसवर (या बंदुकांत भरायचा नेहमीचा गॅस) पाच-सहा झटपट बार झाले की बोल्ट अर्ध्यातच परततो. शिवाय एकेक गॅस मॅगझिन विजेच्या चार-पाच मॅगझिनांच्या भावात, आणि सील वाळलं की गळतं. बजेट तिथेच संपतं.

शून्य_दशांश_दोन

गॅस रायफलचा आणखी एक सापळा. विजेच्या बंदुकीत सिलिंडरमधली हवा ठरावीक असते. गॅसमध्ये जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, तितका वेळ गॅस त्याला ढकलत राहतो, ऊर्जा वाढते. ०.२० वर ३४० एफपीएस (१.०७ ज्यूल) दाखवणारी बंदूक ०.३० वर ३१० दाखवू शकते. आकडा कमी दिसतो, पण ते १.३४ ज्यूल झाले! ज्या छर्‍यानं खेळणार त्याच छर्‍यानं क्रोनो करून घ्या.

मधला मार्ग: रायफल विजेची, आणि पुढे पैसे झाले की सरावासाठी गॅस ब्लोबॅक पिस्तूल. गॅरेजमध्ये हवा उबदार, अंतर पाच मीटर, जाड कापड लटकवलेलं खोकं. म्यान, पकड, साइट जुळवणं, मॅगझिन बदल, सगळं होतं. मारुईची स्लाइड प्लास्टिकची असते आणि १३४ए या कमी दाबाच्या गॅससाठी बेतलेली असते. उन्हाळ्यात तिच्यात ग्रीन गॅस भरला तर तडा जाण्याची भीती. मॅगझिन ठेवताना थोडा गॅस आत राहू द्या, सील बसलेलं राहतं. खरा धक्का आणि खरं अंतर यांतून शिकायला मिळणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

लेस्टरकर

सगळ्यांचे आभार. ठरलं: विजेची, काळी, तिसऱ्या खेळानंतर. दोन शंका. ११.१ व्होल्टची बॅटरी घेतली तर चाप झटकन लागतो म्हणे, घ्यावी का? आणि डोळ्यांना कामावरचा सेफ्टी चष्मा चालेल ना?

पाचर

चष्मा नाही. त्याच्या दांडीवर किंवा काचेवर ‘एफ’ लिहिलेलं असेल. ईएन १६६ या डोळ्यांच्या संरक्षणाच्या युरोपीय मानकात ‘एफ’ म्हणजे ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी ४५ मीटर प्रति सेकंदानं: फक्त ०.८७ ज्यूल. तुमच्या मैदानाची मर्यादाच १.१४ आहे! ‘बी’ म्हणजे १२० मीटर प्रति सेकंद, ६.२ ज्यूल. दांडीच्या चष्म्याला ‘बी’ दर्जा मिळतच नाही, तो गॉगलला मिळतो. म्हणून चारी बाजूंनी बंद, पट्ट्याचा ‘बी’ गॉगल, दुहेरी काचेचा. एकेरी काच या दमट जंगलात दहा मिनिटांत धुरकट होते, आणि माणूस पुसायला गॉगल वर करतो तोच क्षण धोक्याचा.

जाळीच्या गॉगलवर बायो छर्रा फुटून त्याचे कण आत येऊ शकतात. जाळी तोंडासाठी ठीक, डोळ्यांसाठी नको. मुलाला पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्या. १८ खालच्यांना बऱ्याच मैदानांवर तो सक्तीचाच असतो. तुम्हीही खालचं तोंड झाका, समोरचे दात तुटल्याचे प्रकार या खेळात नवे नाहीत.

गिअरबॉक्स_उघडा

७.४ व्होल्ट लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घ्या. ११.१ नं मोटर जोरात फिरते, पण मॉसफेट (चापाच्या संपर्कांऐवजी वीज जोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसेल तर चापाचे संपर्क काळे पडून जळतात, आणि असेल तरी कंपनीचा पिस्टन लवकर दात टाकतो. दुकानातून घेताना बॅटरी स्टॉकच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) नळीत बसते की पुढच्या हँडगार्डमध्ये, आणि प्लग टॅमिया आहे की डीन्स, एवढं तपासा. निम्म्या नवख्यांची बॅटरी इथेच परत जाते.

चार्ज बॅलन्स करून, १-सी नं: १३०० एमएएचच्या बॅटरीला १.३ अँपियर. सेलला ४.२ व्होल्टच्या वर नाही, ३.० च्या खाली कधीच नाही. खेळ नसेल तेव्हा ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका. चार्जिंगच्या वेळी घरात कुणीतरी हवंच, आणि अग्निरोधक पिशवी.

टेकडीवरचा

हॉप लावायची रीत: आधी पूर्ण शून्यावर. तीस मीटरवरच्या झाडावर छातीच्या उंचीला सेमीवर एकेक सोडा. छर्रा लवकर खाली पडला तर थोडं वाढवा. सरळ जाऊन शेवटी हलकेच खाली आला की बस्स. मध्येच वर उचलला जात असेल तर जास्त झालं, मागे घ्या. वजन बदललं की पुन्हा पहिल्यापासून. नव्या बंदुकीचं रबर दोन-तीनशे छर्रे गेल्याशिवाय स्थिरावत नाही, तोवर दुकानदाराला फोन करू नका.

छर्रे डावी-उजवीकडे पळत असतील तर बहुतेक हॉपच्या रबराला सिलिकॉन तेल लागलेलं असतं. नळीत फवारा मारू नका. हॉप शून्यावर आणून सळईला कोरडं फडकं गुंडाळून पुसा. आणि जमिनीवरचा छर्रा उचलून पुन्हा भरू नका, मातीचा एक कण नळीला ओरखडा पाडतो.

लेस्टरकर

शेवटचं: नेण्या-आणण्याचं काय? मैदान बसने पाऊण तासावर आहे.

पाचर

सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक जवळ बाळगणं हा १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. खेळाला जाणं हे कारण, पण वाटेत सुपरमार्केटमध्ये शिरलात की ते पातळ होतं. बंद, बंदुकीचा आकार न दाखवणारी बॅग. बॅटरी काढलेली, मॅगझिन वेगळं, आणि बुकिंगची पावती फोनमध्ये. मैदानातून निघताना मॅगझिन काढून मैदानाच्या नियमानं दोन-तीन बार मोकळे करा, शेवटचा सेमीवर. नळीत अडकलेला छर्राही निघतो आणि स्प्रिंग ताणलेली राहत नाही. बसऐवजी कुणाच्या गाडीतून जाता आलं तर जास्त बरं.

लेस्टरकर

समजलं. पहिल्या खेळापासून ५६ दिवस पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरतात, तेव्हाचाच तिसरा खेळ बुक करतो. गॉगल मात्र आजच मागवतोय.

गिअरबॉक्स_उघडा

मागवताना तुमचा नंबरचा चष्मा आत मावतो का बघा. ‘ओव्हर ग्लासेस’ लिहिलेला वेगळा साचा येतो.