बास्केटखालचा धक्का मला दिसतच नाही, पंचाने उभं कुठे राहायचं?

शिट्टी_हातात
शनिवारपासून १७ वर्षांखालच्या मुलांच्या बास्केटबॉल मॅचेस आहेत, म्हणून लवकर उत्तर हवंय. दोन वर्षं पंच म्हणून उभा राहतोय. नियम पाठ आहेत, ते सांगू नका. गेल्या रविवारी एक मुलगा ले-अपला (धावत जाऊन बास्केटपाशी चेंडू टाकायला) उडाला आणि कोपरावर पडला. मी चार फुटांवर होतो, पण मला दिसल्या फक्त दोन पाठी. धक्का लागला की नाही, आजही सांगता येत नाही. शिट्टी वाजवली नाही. पोरगं उठलं, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि परत धावायला लागलं. ते डोळ्यांसमोरून जात नाही. एक वरिष्ठ म्हणाले, "तुझी जागा चुकते." बरोबर जागा कुठली, हे विचारेपर्यंत ते पुढच्या मॅचला गेले. तर उभं कुठे राहू?

बेसलाइन
दोन पंच होतात की तीन? तुम्ही लीड (बास्केटमागच्या रेषेवरचा पंच) की ट्रेल (चेंडूमागून येणारा)? मुलगा कुठल्या बाजूने आत शिरला? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कृष्णाकाठ
जागा वगैरे नंतर, आधी पाय. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) चाचणीत पुरुष पंचांना २० मीटरच्या ८६ फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. मी पंचेचाळिशीत रोज पहाटे पळून तिथवर पोचलो. दम टिकला की जागा आपोआप सापडते.

शिट्टी_हातात
पळण्याचा प्रश्नच नाही, मी आधीच पोचून उभा होतो. दोन पंच, मी लीड. मुलगा डावीकडून आला.

निळी_जर्सी
कुणाच्या डावीकडून? तुमच्या की त्याच्या?

शिट्टी_हातात
त्याच्या. म्हणजे जोडीदाराच्या बाजूने.

माजी_पंच_ताई
"आधीच पोचून उभा होतो" यातच उत्तर आहे. तुम्ही खेळाडूंच्या फार जवळ आहात आणि एकाच जागी खिळलेले आहात. चार फुटांवरून फक्त अंगं दिसतात, मधली फट दिसत नाही. घरी करून बघा. दोघांना समोरासमोर, हातभर अंतरावर उभं करा आणि एकाच्या पाठीमागे जा. दुसऱ्याचा हात कुठे आहे ते कळणार नाही. आता दोन पावलं बाजूला सरका. फट उघडते, हात दिसतो, छाती दिसते. पंचाला बघायची असते ती फट. चेंडू हलला, फट मिटली की आपणही पाऊलभर सरकायचं. आणि नजर चेंडूवर नको, बचाव करणाऱ्यावर हवी. तो आधीच जागा घेऊन होता की उशिरा अंगावर आला, यावर बहुतेक वेळा निकाल असतो.

सुरुवातीला पेंटची (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाची) कड आणि तीन गुणांची रेषा यांच्या साधारण मध्ये, बास्केटमागच्या रेषेच्या बाहेर, अंग कोर्टाकडे तिरकं. तिथून आत-बाहेर सरकत राहा.

कृष्णाकाठ
त्यापेक्षा चेंडू पलीकडे गेला की बास्केटखालून पलीकडेच जावं. मी नेहमी जायचो.

बेसलाइन
तीन पंच असताना लीड बाजू बदलतो, मान्य. दोघंच असताना पलीकडे गेलात तर अलीकडचे सगळे मोकळे सुटतात. पलीकडून येणारा ड्राइव्ह (चेंडू घेऊन आत शिरणं) बघायचा ट्रेलने. त्याने मध्यरेषेपाशी न थांबता चेंडूमागून आत यायचं.

कृष्णाकाठ
पुस्तकात असेल. माझ्या काळात ट्रेल कधी आत यायचाच नाही, म्हणून लीडला जावं लागायचं.

माजी_पंच_ताई
कृष्णाकाठ, म्हणजे ट्रेलची चूक लीड निस्तरत होता. ते या पंचाला शिकवू नका.

गोळीविना
शिट्टी कुठली वापरता? गोळीवाली असेल तर आजच बदला. कॅनडाचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची १९८४ साली ऐन मॅचमध्ये गोळी अडकली आणि शिट्टी वाजलीच नाही. त्यातूनच त्यांनी बिनगोळीची फॉक्स ४० बनवली.

शिट्टी_हातात
शिट्टी चांगली आहे, वाजवायची कधी ते कळत नाही. ताई, तुम्ही सांगता तसं बाहेर तिरकं उभं राहता येत नाही. मागे भिंत आहे. रेषेपासून जेमतेम एक पाऊल. शिवाय बोर्डाचा खांब मध्येच.

बेसलाइन
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! खांब आणि भिंत असताना पलीकडे जायचा विषयच संपला.

निळी_जर्सी
नियमाने कोर्टाभोवती २ मीटर मोकळी जागा हवी. आयोजकांना लेखी कळवा. ले-अपनंतर पोरं भिंतीवर आदळतील.

माजी_पंच_ताई
कळवाच, पण शनिवारपर्यंत भिंत हलणार नाही. मागे जाता येत नसेल तर आडवं जा. साइडलाइनच्या दिशेने आणखी दोन पावलं सरका, अंतर आणि कोन दोन्ही मिळतील. पाठ भिंतीला टेकवू नका, टेकली की पाय थांबतात. आणि रविवारचा तो प्रसंग एकट्याच्या माथी घेऊ नका. ड्राइव्ह जोडीदाराच्या बाजूचा होता. तो कुठे होता?

शिट्टी_हातात
मध्यरेषेवर. नवीन आहे, त्याची ती तिसरीच मॅच होती. शनिवारीही तोच आहे. सकाळी सातची मॅच. त्याला आत ये म्हणून कसं सांगू? वाईट वाटेल.

माजी_पंच_ताई
साडेसहाला कोर्टवर बोलवा. तोंडी सांगू नका, तो मुलगा जिथून शिरला त्या वाटेने चेंडू घेऊन तुम्ही स्वतः चाला आणि त्याला मागून यायला सांगा. मग जागा बदलून तुम्ही ट्रेल व्हा, तो चेंडू घेऊन चालेल. चार-पाच वेळा करा.

शिट्टी_हातात
आत्ताच फोन केला. सव्वासहाला येतो म्हणाला.